मामंजींचा ताप आणि काळं पडलेलं पिंजर

प्रश्न : आमचं गाव जांबोटीकडं. पावसाळ्यात गोठ्यातलं भाताचं पिंजर ओल धरून काळं पडतं, उपसलं की धुरळा उठतो. मामंजी सकाळी पिंजर काढतात आणि संध्याकाळी त्यांना थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, दम. दोन दिवसांत आपोआप बरं, परत पिंजर काढलं की परत तेच. मी पण तिथंच शेण काढते, मला काहीच होत नाही. असं का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुम्हाला काही होत नाही म्हणजे बुरशी तुमच्या नाकात जात नाही असं नाही हां. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज शेकड्यांनी ओढतो, एकेक २-३ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीत वीसेक सहज बसतील, त्यामुळं नाकातले केस चुकवून थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. थोडे वाटेतच कफात अडकून वर ढकलले जातात, उरलेले मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळून टाकतात.

यात एक गंमत आहे. बीजाणूच्या अंगावर रॉडए नावाच्या प्रोटीनचं आवरण असतं, आपल्याकडं रोप लावताना इरलं घेतात ना, तसंच, पाणी लागू देत नाही. इरलं अंगावर आहे तोवर आपल्या पेशी त्याच्याकडं फारसं बघतच नाहीत, हे २००९ मध्ये दाखवून दिलंय. बरंच झालं म्हणायचं, नाहीतर प्रत्येक श्वासाला सूज आली असती! पण बीजाणू फुगून कोंब काढायला लागला की इरलं गळतं, बीजाणूच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन (साखरेच्या कणांची साखळी) उघडं पडतं, आपल्या पेशींवरचं डेक्टिन-१ नावाचं प्रोटीन त्याला ओळखतं आणि मग न्यूट्रोफिल नावाच्या लढाऊ पांढऱ्या पेशी धावून येतात. शुगर वाढलेली असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर हेच काम ढिलं पडतं, २०२१ ला काळ्या बुरशीनं (ती वेगळी, म्युकर) कोणाला गाठलं ते आठवा.

मामंजींचं मात्र उलटं वाटतंय. कुजक्या पिंजरातली बुरशी आणि उष्णतेत वाढणारे बॅक्टेरिया वर्षानुवर्षं ओढून काहींची प्रतिकारशक्तीच चिडते, बीजाणू आत वाढत नसतो तरी ती फुप्फुसाला सूज आणते, म्हणून ४ ते ८ तासांनी ताप. इंग्रजीत याला फार्मर्स लंग म्हणतात. जंतू वाढतच नाहीत तर अँटिबायोटिक काय करणार? एकाच गोठ्यात एकाला होतं, दुसऱ्याला नाही, शरीराची ठेवण वेगळी.

छातीच्या डॉक्टरला दाखवा, लांबवू नका, वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुस कडक होतं आणि ते मग मऊ होत नाही. जाल तेव्हा पिंजराचं आधी सांगा, लोक तापाचं सांगतात आणि पिंजराचं विसरतात. मेडिकलमधनं स्वतःच स्टेरॉइड आणून घेऊ नका. यंदा पिंजर नीट वाळवूनच गंजी घाला. टॉवेल बांधून उपयोग नाही, आरपार जातं, तुम्ही पण एन-९५ मास्क घ्या, आणि मामंजींना गोठ्याबाहेरचं काम द्या, ऐकले तर.