सर्व्हर घेण्याआधी

महाल, नागपूर

बेटा, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कोटेशन पाहिलं. टॉवर सर्व्हर, ऑनलाइन यूपीएस, विंडोज सर्व्हरचं लायसन्स, वरून एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. भाव काही फार चढवलेला नाही. पण इतवारीतल्या तुमच्या दुकानात सहा कॉम्प्युटर, हिशेबाचं एक टॅली सॉफ्टवेअर आणि स्कॅन केलेली बिलं. एवढ्यासाठी सर्व्हर काऊन रे बाप्पा?

टॅलीचं गोल्ड, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी वापरायचं लायसन्स असेल तर डेटा एका बऱ्या पीसीवर ठेवून बाकीचे पाच लॅनने, म्हणजे दुकानातल्याच नेटवर्कने, जोडता येतात. फाइल शेअरिंगसाठी विंडोज प्रो एका वेळी 20 मशीन जोडू देतं. त्या पीसीत एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क टाक, तो फक्त डेटासाठी ठेव आणि काउंटरवरच्या पोरांना त्याला हात लावू देऊ नकोस.

माझी ही अक्कल दुसऱ्याच्या खर्चाने आलेली आहे. कळमन्यात एका मिरचीच्या आडत्याकडे मीच सर्व्हर बसवला होता. जागा नव्हती, म्हणून जिन्याखालच्या कपाटात. हिवाळाभर ठणठणीत चालला. सर्व्हरच्या खोलीचं तापमान 18 ते 27 अंशांत असावं लागतं, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला तेव्हा बाहेरच पारा 45 च्या वर. कपाट उघडलं तर भट्टी. पंख्याच्या पात्यांवर मिरचीच्या धुळीचा लालसर थर बसलेला, बोटाने खरवडला तर शिंका आवरेनात. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या. दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवत होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो. पण दोघी एकाच उकाड्यात शिजत होत्या, आठवडाभराच्या अंतराने दोघीही गेल्या. बॅकअप? तो त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या पार्टिशनवर! पंधरा दिवस कच्च्या पावत्यांवरून नोंदी कराव्या लागल्या. आडत्या मला एका शब्दाने बोलला नाही, रोज चहा पाजायचा. तो चहा काही घशाखाली उतरायचा नाही.

विजेचंही पाहा. 200 वॅट खाणारं मशीन चोवीस तास चाललं की महिन्याला 144 युनिट होतात, तेही दुकानाच्या मीटरवर. एसीचं बिल वेगळंच.

क्लाउडवाला, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणारा, प्रत्येक माणसामागे महिन्याचं भाडं सांगेल. त्याचा हिशेब महिन्याचा नको, तीन वर्षांचा मांड. शिवाय आपल्या गावात सिमेंटचा रस्ता करायला कधी कुठे खोदतील नि फायबर तुटेल, याचा नेम नाही. त्या वाटेने गेलास तर मोबाइलच्या नेटचं डोंगल जवळ असू दे.

वाडीचं गोदाम वाढलं, वीसेक माणसं एकाच वेळी स्टॉक पाहायला लागली, सॉफ्टवेअरवालाच म्हणाला की वेगळा डेटाबेस लागतो, तर मग सर्व्हर घे. तेव्हा त्याला हवेशीर जागाही दे आणि बिघडल्यावर त्याच दिवशी येणारा माणूसही ठरव. सध्या तुमच्याकडे दोन्ही नाहीत. आणि घरून बिलं दिसावीत म्हणून कुणी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट, म्हणजे बाहेरून दुकानाचा पीसी चालवायचं दार, उघडून देतो म्हणाला, तर त्याला हात जोड. रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, असली उघडी दारंच शोधत फिरत असतात.

वाचलेल्या पैशातून दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घे. एक दुकानात ठेव, एक घरी. दर शनिवारी अदलाबदल कर, आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेव, लावून ठेवू नकोस. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावे लागतात, म्हणून जुन्या वर्षांचा डेटाही त्यात टाक.

तुझा,
काका

ता. क. येत्या शनिवारी दुकान बंद झाल्यावर येतो. बॅकअप रिकाम्या पीसीवर उतरवून मागच्या मार्चचं एखादं बिल उघडतं का, ते पाहू. मुनीमजींना थांबायला सांग, टॅलीचा पासवर्ड त्यांच्याकडेच असेल.