फोन आत्ता घ्यावा की दसऱ्याला?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत कामाला आहे, पगार हातात 26,000. फोन साडेतीन वर्षांचा, चार्जिंग दुपारपर्यंतच टिकतं. 36,000 चा फोन क्रेडिट कार्डवर 12 महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर जुलैतच घेऊ की दसऱ्यापर्यंत थांबू? शिल्लक 18,000 आहे. आईची औषधं चालू आहेत.

उत्तर : थांबा. आणि त्या 18,000 ला हात लावू नका. घरात आजारपण असताना तेवढाच तुमचा आधार आहे, आणि मला फोनपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते.

आधी ईएमआयचा हिशोब बघू. नो कॉस्ट असलं तरी बँक व्याज लावतेच. फक्त तेवढी रक्कम आधी किमतीतून वजा झालेली असते. 3,000 चे 12 हप्ते आणि 15 टक्के दर धरला, तर व्याज साधारण 2,760 रुपये होतं. क्रेडिट कार्डवर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे जवळपास 500 रुपये तुमच्या खिशातून. प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय एकरकमी पैसे देणाऱ्याला जी सूट मिळते ती बऱ्याचदा हातची जाते. पण मला खटकतो तो वर्षभराचा 3,000 चा हप्ता. एखाद्या महिन्यात औषधांचा खर्च वाढला आणि कार्डचं बिल थकलं, तर त्यावरचं व्याज वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास जातं.

तुमच्या लिहिण्यावरून दमलीय ती बॅटरी, फोन नव्हे. सेटिंगमध्ये शेवटचा सिक्युरिटी अपडेट कधीचा आहे ते बघा. गेल्या काही महिन्यांतला असेल, तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी बदलून घ्या. दोन-तीन हजारांत काम होत असेल तर अजून वर्षभर निघेल. अपडेट येणंच बंद झालं असेल तर मात्र फोन बदला, कारण तुमचं यूपीआय आणि बँक त्याच फोनवर आहे.

बदलायचाच झाला तर दसरा ते दिवाळी हा काळ बरा. ऑनलाइन सेल साधारण सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होतात, नवीन आयफोनही सप्टेंबरातच येतात आणि जुन्या मॉडेलचे भाव उतरतात. पण सगळंच स्वस्त होईल असं धरून चालू नका. 2025 च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आहेत आणि त्याचा भार फोनच्या किमतीवर पडतोय. जीएसटी कमी होईल म्हणूनही थांबू नका. सप्टेंबर 2025 मध्ये एसी आणि मोठे टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर आले, मोबाईल आधीपासून 18 वरच होता आणि तिथंच राहिला.

जुनं मॉडेल घेताना एक गोष्ट नक्की विचारा : अपडेट किती वर्षं उरले? ती वर्षं मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात ऑनलाइनचा भाव दाखवा, जुळवून देतात का बघा, आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या.

पैशाचं असं करा. ईएमआयचे 3,000 या महिन्यापासूनच आरडीत, म्हणजे बँकेच्या दरमहा भरायच्या ठेवीत, टाका. दिवाळीपर्यंत 12,000 जमतील, त्यात बोनसमधले 10-13 हजार घातले की 22-25 हजारांचा फोन रोखीनं येतो. तुमच्या कामाला तेवढा पुरे आहे.

या आठवड्यात बॅटरीचा भाव विचारून मला कळवा.