सापळ्यात नुसते नरच, मग माद्या कुठंयत?

प्रश्न : टोमॅटोत फळं पोखरणाऱ्या घाटे अळीसाठी एकरी पाच कामगंध सापळे लावलेत, आत ल्युर, म्हणजे मादीच्या वासाची गोळी. रोज सकाळी पिशवीत चार-पाच पतंग असतात, पण सगळे नरच म्हणे! अंडी घालणाऱ्या माद्या तर मोकळ्याच फिरतायत. आणि त्याही रोज रात्री वास सोडत असतील तर आमच्या ल्युरकडं येणार कोण?
– एक टोमॅटो उत्पादक, दिंडोरी, जि. नाशिक

उत्तर : रोज रात्री नाही हो, तीच तर गंमत आहे. वास सोडते ती मिलन न झालेली मादी. रात्री बॅटरी घेऊन प्लॉटमध्ये गेलात तर नशिबानं दिसेलही, पानावर गप्प बसलेली, पोटाचं टोक मागं ताणून बाहेर काढलेलं, गंधग्रंथी तिथंच असते. डोक्यातून पीबॅन नावाचं हार्मोन सुटतं आणि ते ग्रंथीला गंध बनवायला लावतं. आपल्या घाटे अळीच्या अमेरिकन चुलतबहिणीत, म्हणजे तिकडच्या मक्यावरच्या अळीच्या पतंगात, ते १९८९ साली ओळखलं गेलं.

मिलन झालं की मात्र दुकान बंद! नर शुक्राणूंबरोबर स्वतःच्या ग्रंथीतली प्रथिनंही देतो, त्यानं काही तासांतच मादीतला गंध घटतो, पोट ताणून बसणंही थांबतं आणि ती अंड्यांच्या मागं लागते (दुसरा नर फिरकू नये म्हणून केलेला बंदोबस्तच म्हणा की). रेशीमकिड्यात हा निरोप मज्जातंतूंतून वर जातो, ती दोरी आधीच कापली तर मिलन होऊनही मादी गंध बनवतच राहते. घाटे अळीची मादी मात्र पुढं एखाद्या रात्री परत वास सोडते, पुन्हा मिलनही करते.

म्हणजे तुमचं अर्धं बरोबर आहे. अंडी घालायला आलेली मादी ल्युरकडं ढुंकूनही बघत नाही, आणि एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, त्यामुळे पाच सापळ्यांनी नर संपायचे नाहीत. सापळा हा खबऱ्या समजा. आकडा चढला की शेंड्याकडची पानं आणि फुलांजवळचा भाग बघा, खसखशीएवढी पिवळट पांढरी अंडी एकेकटी चिकटलेली असतात. मादीला ओढायचंय तर झेंडू लावा, टोमॅटोच्या सोळा ओळींमागं एक ओळ, आणि रोपं टोमॅटोपेक्षा वयानं मोठी हवीत, म्हणजे दोन्ही एकदमच फुलतात.

आणि हो, टुटाचा (टोमॅटोची पानं-फळं पोखरणारी दुसरी बारीक अळी) ल्युर वेगळा असतो, दुकानात नाव सांगूनच मागा. तंबाखू मळलेल्या हातानं तर बिलकुल लावू नका.