तिला कोथिंबीर निवडायला बसवा

प्रश्न : आमचा मुलगा रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमातून वर्षभरासाठी ब्राझीलला गेलाय. त्यामुळे या महिन्यापासून एक १६ वर्षांची जर्मन मुलगी आमच्याकडे राहायला आली आहे. आल्या दिवशी औक्षण केलं, सगळे नातेवाईक बोलावले. रोज तिच्यासाठी वेगळं, बिनतिखटाचं करते. पण ती सातलाच ब्रेड-चीज खाऊन घेते आणि आम्ही साडेनऊला जेवायला बसतो तेव्हा खोलीचं दार लावून आत असते. सासूबाईंना हा अपमान वाटतो. स्वतःचं ताट उचलण्यापलीकडे कामाला हात लावत नाही. परवा मैत्रिणींबरोबर गेली ती रात्री दहाला उगवली, फोन नाही की काही नाही. मी दमले आहे. तिला दुसऱ्या घरी हलवा म्हटलं, तर मुलाला तिकडे त्रास होईल का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी. नाही होणार. तुमच्या मुलाला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाचा आणि तुमच्याकडच्या मुलीचा एकमेकांशी काही संबंध नसतो. शिवाय रोटरीत ही मुलं वर्षभरात बहुधा एकाहून अधिक घरी राहतात, म्हणजे घर बदलण्यात कुणाची बदनामीही नाही. पण इतक्यात हलवू नका. तुमची तक्रार वाचून मला प्रश्न पडला तो असा, की यातलं तिला कुणी काय सांगितलंय?

या मुलांच्या हाती जाण्याआधी प्रश्नांची एक यादी दिलेली असते, पहिल्या रात्री नव्या घरच्यांबरोबर बसून विचारायची. तुम्हाला काय म्हणून हाक मारू, कपडे कोण धुतं, बाथरूम सकाळी कधी मोकळं असतं, घरातलं कोणतं काम माझं, रात्री किती वाजता परत यायचं. तुमच्याकडे त्या रात्री आरतीचं तबक आणि गावभरचे नातेवाईक होते. ती यादी बहुतेक अजून तिच्या बॅगेतच असेल. ती काढायला लावा. तासभर बसा, यजमानांनाही बसवा.

आता जेवणाचं. जर्मनीत पुष्कळ घरांत शिजवलेलं गरम जेवण दुपारी होतं आणि संध्याकाळी सहा-सातला ब्रेड, चीज, काकडी असं थंडच खातात. तिने तुमच्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं नाही, तिच्या पोटाची ती वेळ आहे. साडेनऊपर्यंत तिला उपाशी ठेवण्यापेक्षा सातला काहीतरी खाऊ द्या आणि साडेनऊला अर्धी पोळी का होईना, पण पंगतीला येऊन बसायचं, असं ठरवा. मात्र पानात बळेच वाढू नका. आपण दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतो, तिचं पहिलं ‘नको’ हे नकोच असतं. आग्रहाने वाढलेलं टाकायचं कसं म्हणून ती दोन दिवस गिळेल आणि तिसऱ्या दिवशी दार लावून घेईल. घेतलंच आहे म्हणा.

बंद दाराचं सासूबाईंना मीच सांगितलं म्हणून सांगा: तिकडे आपापल्या खोलीचं दार लावून बसतात, त्यात राग नसतो. टकटक केलं की ती उघडेल. थोडं घरही आठवत असेल. ५ डिसेंबरच्या रात्री तिकडची पोरं बूट दाराबाहेर ठेवतात, सकाळी त्यात संत निकोलसने ठेवलेला खाऊ सापडतो. तुम्ही चॉकलेट ठेवलंत तर वेगळं बिनतिखट शिजवण्यापेक्षा कमी कष्टात जास्त काम होईल. ते वेगळं शिजवणं तर आजपासून बंदच करा. वरण-भात-तूप, दही, थालीपीठ यातलं काही ना काही ती खाईल. वेगळं चीज हवंच असेल, तर क्लबकडून मिळणाऱ्या पॉकेटमनीतून आणेल.

आणि काम सांगा. सांगितल्याशिवाय परक्याच्या स्वयंपाकघरात शिरणं तिला आगाऊपणा वाटत असेल. ‘जमलं तर बघ हं’ असलं नको, ‘रोज संध्याकाळी ताटं-वाट्या तू मांडायच्या’ असं सरळ. सासूबाईंजवळ कोथिंबीर निवडायला बसवा. दोघींची भाषा वेगळी, तेच बरं. टोमणे कळत नाहीत.

रात्री दहाचं मात्र मी हलक्यावर घेणार नाही. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर कायद्याने विकत मिळते, तेव्हा दहा वाजता परतणं तिला बंडखोरी वाटलंच नसणार. पण इथे जबाबदारी तुमची आहे. गाडी चालवणं, दारू, अमली पदार्थ, प्रेमप्रकरण या चार गोष्टींना कार्यक्रमातच बंदी असते, आणि हे ती सही करून आली आहे. परतायची वेळ तुम्ही ठरवा. कुठे, कुणाबरोबर, परत कशी येणार, हे निघण्याआधी कळलं पाहिजे. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण देऊ नका, ते तिला कळणार नाही. रात्री रिक्षाने एकटीने यायचं नाही, हे कळेल.

एवढं करून महिनाभर थांबा. तरी जमलं नाही, तर क्लबने तिच्यासाठी नेमलेल्या समुपदेशकाशी बोला. ती व्यक्ती ठेवून घेणाऱ्या घरातली नसते, ती अशाच वेळी उपयोगी पडावी म्हणून. तिच्यापाशी तुमच्याबद्दलही काही तक्रार पोहोचलेली असू शकते, तीही ऐकून घ्या.