फाटक सोसायटीचं, चेहरा तुमचा

प्रश्न : डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत समितीने गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवलं आहे. घरातल्या प्रत्येकाने, माझ्या १४ वर्षांच्या मुलीनेसुद्धा, ॲपवर चेहरा नोंदवायचा आणि आधारकार्डाचा फोटो चढवायचा. मी नकार दिला, तर दरमहा ५०० रुपये दंड लावू असं सेक्रेटरी म्हणतात. ‘जनरल बॉडीत ठराव झालाय, पोलिसांचंही तसंच म्हणणं आहे,’ एवढंच त्यांचं उत्तर. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनीही चेहरा दिला नाही. त्यांना वॉचमनने गेटवरून परत पाठवलं आणि ‘नियम न पाळणारी बाई’ म्हणून त्यांचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एकेकदा वाटतं, मशीनची वायरच उपटून टाकावी. सरकार आधीच सगळं बघतंय, आता शेजारीही बघणार. कायदा माझ्या बाजूने आहे का?

उत्तर : आधी वायरीचं बोलू. तिला हात लावू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली तो मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा होईल, आणि ज्या समितीला आज तुमच्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, तिच्या हाती आयती तक्रार पडेल. रागाने मेंटेनन्सही अडवू नका. थकबाकी झाली की सोसायटी सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुलीचा दाखला आणू शकते, मग चेहऱ्याचा मुद्दा बाजूला पडतो आणि तुम्ही नुसते थकबाकीदार उरता. दंडाची रक्कम बिलात आलीच, तर ती वगळून बाकीचं बिल भरा आणि ‘दंड मान्य नाही’ असं लेखी कळवा.

आता ठरावाकडे. मी सोसायट्यांच्या समित्यांचीही कामं करते, त्यामुळे त्यांची अडचण मला कळते. चोरी झाली की सगळे समितीलाच धारेवर धरतात. गेटवर कॅमेरा लावणं, येणाऱ्याचं नाव वहीत लिहिणं, घरी फोन करून विचारणं, ओळखपत्र मागणं, हे सगळं जनरल बॉडी ठरवू शकते. मशीनवर पैसे खर्च करायचेही ठरवू शकते. पण तुमच्या वतीने तुमची संमती देऊ शकत नाही. ऐंशी लोकांनी हात वर केले म्हणून एक्क्याऐंशीव्याच्या चेहऱ्याचा नकाशा कंपनीच्या सर्व्हरवर जायला होकार मिळाला, असं होत नाही.

हे माझं मत नुसतं तत्त्वाचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम काढून बघा. त्यांत बायोमेट्रिकच्या व्याख्येत बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या जोडीला चेहऱ्याची ठेवणही आहे, आणि ही माहिती ‘संवेदनशील’ म्हणून धरली आहे. ती घेण्याआधी कंपनीने लेखी संमती घ्यावी लागते, पत्राने, फॅक्सने किंवा ईमेलने. (फॅक्सवर हसू नका, नियमात खरंच आहे.) माहिती न देण्याचा आणि दिलेली संमती लेखी मागे घेण्याचा पर्याय त्याच नियमांनी तुम्हाला दिला आहे. त्याची दुसरी बाजूही सांगते: संमती नसेल तर कंपनी तुम्हाला आपली सेवा नाकारू शकते. नाकारू दे. ॲप ही कंपनीची सेवा आहे, तुमच्या घराचा जिना नाही. सभासद म्हणून सदनिकेचा ताबा आणि वापर हा तुमचा हक्क आहे, त्याची वाट ॲपमधून जात नाही. वॉचमनने तुम्हाला किंवा मुलीला स्वतःच्या घरी जाताना खरोखर अडवलं, तर तो न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गैरपणे अडवणूक केल्याचा गुन्हा ठरू शकतो. सेक्रेटरींना हे शांतपणे, लेखी सांगा. वॉचमनवर ओरडू नका, तो हुकमाचा धनी नाही.

आधारच्या बाबतीत तुमची बाजू आणखी भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमुखाने सांगितलं. तो लढा कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारच्याच विरोधात सुरू केला होता. पुढे २६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध १ अशा बहुमताने आधार कायदा राखला, पण खासगी कंपन्यांना नुसत्या कराराच्या जोरावर आधार वापरू देणारा कलम ५७ मधला भाग रद्द केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ८अ तर सरळ तुमच्या गेटला लागू पडतं: ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने, म्हणजे आधारच्या यंत्रणेला न विचारता ओळख पटवणाऱ्याने, आधार क्रमांक किंवा बायोमेट्रिक गोळा करायचं नाही, वापरायचं नाही, साठवायचं नाही, आणि ओळख पटवण्याचे दुसरे पर्याय सांगायचे. जानेवारी २०२५ च्या नियमांनी खासगी संस्थांसाठी दार थोडं किलकिलं केलं हे खरं, पण त्यासाठी सरकारकडे प्रस्ताव आणि मंजुरी लागते. तुमच्या सेक्रेटरींच्या कपाटात अशी मंजुरी असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा आधारची झेरॉक्स किंवा फोटो देऊ नका. ओळख पटवायचीच असेल तर मतदार ओळखपत्र दाखवा, दाखवा म्हणजे दाखवा, देऊन येऊ नका. आधारच दाखवायचं झालं तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार उतरवून घ्या. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयानेच झेरॉक्स कोणालाही देऊ नका असं पत्रक काढलं होतं. दोन दिवसांत ते मागे घेण्यात आलं, गैरसमज होईल म्हणून. सल्ला मात्र चांगला होता.

‘पोलिसांचं म्हणणं’ हा मुद्दा दोन ओळींत संपतो. आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे आदेश पोलीस आयुक्त काढतात, ते घरमालकाला असतात आणि माहिती पोलिसांकडे जायची असते, ॲप कंपनीकडे नाही. एखाद्या तपासासाठी चित्रण हवं असेल तर पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ९४ खाली लेखी मागू शकतात. त्यासाठी सगळ्या इमारतीचे चेहरे आधीच गोळा करून ठेवायला कोणी सांगितलेलं नाही.

सरकारवरचा तुमचा अविश्वास मी खोडून काढणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हा तुमच्यासारख्यांसाठी खरा कायदा. त्यात संमती मुक्त आणि स्पष्ट हवी, देण्याइतकंच सोपं मागे घेणंही हवं, सूचना मराठीतूनही मागता येते, आणि १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला कलम ९ मनाई करतं. तुमची मुलगी किती वाजता बाहेर गेली नि परतली याच्या नोंदी ठेवणारं ॲप या कलमापुढे कसं टिकतं, ते मला बघायचंच आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा या तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली गेली, म्हणजे त्या अधिसूचनेप्रमाणे त्या मे २०२७ मध्ये लागू होतील. त्याच कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ) ला, म्हणजे वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते हे सांगणाऱ्या तरतुदीला, लावलेली कात्री मात्र ताबडतोब अमलात आली. शिवाय कलम १७ खाली सरकार आपल्याच यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं. नागरिकाने थांबायचं आणि सरकारने नाही, हा हिशेब माझ्याही पचनी पडलेला नाही.

मधल्या काळात कंपनीविरुद्ध माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आहे. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे नुकसानभरपाई मागता येते. मात्र निष्काळजीपणा आणि त्यातून झालेलं नुकसान दोन्ही सिद्ध करावं लागतं, म्हणून ‘चेहरा मागितला’ एवढ्यावर तिकडे धावू नका. सोसायटी स्वतः या कलमात बसते का, यावर वाद घालता येतो. कंपनी बसतेच.

मावशींचा प्रश्न मला तुमच्यापेक्षा गंभीर वाटतो, कारण त्यांच्या बाजूने जनरल बॉडीत बसायला कोणी नाही. त्या सभासद नाहीत, त्यामुळे बाहेरच्या माणसासाठी वाजवी अटी घालायचा सोसायटीचा अधिकार त्यांच्या बाबतीत जास्त आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चेहरा दिला नाही म्हणून रोजी बुडवणं वाजवी नाही. तुम्ही समितीला पत्र द्या: या बाई माझ्या बोलावण्यावरून येतात, त्यांची ओळख मी देतो, त्यांना साधं फोटोचं ओळखपत्र द्यावं आणि नोंद वहीत करावी. ज्या दिवशी त्यांना परत पाठवलं त्या दिवसांचा पगार कापू नका. ग्रुपवरचा फोटो आणि ती ओळ यांचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा, ती बदनामी ठरू शकते, न्याय संहितेचं कलम ३५६. तक्रार करायची की नाही हे मात्र मावशींनाच ठरवू द्या. त्या आणखी चार घरी काम करत असतील, आणि तुमची लढाई त्यांच्या पोटावर येता कामा नये. गेट ॲपवर कामवाल्या बायकांना तारे देतात, कोण कुठल्या घरी जाते तेही दिसतं. त्यांच्या नावाची अशी नोंद असेल तर ती काढून टाकायची मागणी त्यांच्या सहीने करा.

दंडाचं सोपं आहे. आदर्श उपविधींप्रमाणे (उपविधी म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नियम, बाय-लॉज) दंडाआधी कारणे दाखवा नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि दंड उपविधी मोडल्याबद्दल असतो. चेहरा देण्याचा उपविधीच नसेल तर मोडला काय? नवा उपविधी करायचा तर तो निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय अमलात येत नाही.

आता कृती. सेक्रेटरींना एकच पत्र लिहा, रागाचं विशेषण एकही न वापरता. त्यात विचारा: कोणत्या उपविधीखाली ही सक्ती, हा विषय सभेच्या विषयपत्रिकेत होता का, ठरावाची प्रत, कंपनीबरोबरच्या कराराची प्रत. चेहरे कुठे साठतात, कोण पाहू शकतं, घर विकून गेल्यावर ते केव्हा पुसले जातात, ॲपवरच्या जाहिरातींसाठी माहिती वापरली जाते का. आणि स्वतःहून पर्याय सुचवा: कार्ड, इंटरकॉम, वही. बहुतेक समित्यांनी करार वाचलेलाच नसतो, त्यामुळे या पत्रावर बऱ्याचदा तिथेच तोडगा निघतो. नाही निघाला, तर आधी उपनिबंधकांकडे तक्रार, आणि ठरावालाच आव्हान द्यायचं असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. तिथे दंडाला आणि अडवणुकीला अंतरिम स्थगिती मागता येते.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. उपनिबंधकांकडे अर्ज नेताना दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका.