यंत्र घेण्याआधी मान्यता नीट वाचा

अमेरिकेत हवेचं प्रदूषण मोजण्याच्या कामाला नव्याने लागला आहात, म्हणून आधी एक सांगते. 'ईपीए मान्य', म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मान्य केलेलं, एवढं वाचून यंत्र घेऊ नका. मान्यता नुसत्या मॉडेलच्या नावाला नसते, ठरावीक मांडणीला असते. इनलेट, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, कोणतं, हवेचा प्रवाह किती, हीटर कसा लावायचा, काही यंत्रांत तर सॉफ्टवेअरची आवृत्तीसुद्धा, हे ईपीएच्या यादीत लिहिलेलं असतं. माझ्या पहिल्याच वर्षी कोणीतरी हीटरची सेटिंग हलवली. आकडे अगदी सुरळीत दिसत होते, पण कित्येक दिवसांची नोंद बाजूला काढावी लागली. त्याची हळहळ अजून वाटते.

पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, मोजण्याची संदर्भ पद्धत (जिच्याशी बाकीची यंत्रं ताडून पाहतात) आधी हाताने शिका. मिनिटाला १६.६७ लिटर हवा २४ तास फिल्टरमधून ओढायची आणि फिल्टरचं वजन किती वाढलं ते पाहायचं. ४६.२ मिलिमीटरचा तो टेफ्लॉन फिल्टर चिमट्याने फक्त कडेला धरा. प्रत्येक वजनाआधी तो किमान २४ तास २० ते २३ अंश सेल्सिअस तापमानात, ३० ते ४० टक्के आर्द्रतेत ठेवा. सगळा हिशेब मायक्रोग्रॅमचा आहे, घाई अजिबात नको.

बीटा किरणांवर चालणारी, तासातासाला आकडा देणारी काही यंत्रं समतुल्य पद्धत म्हणून मान्य आहेत. स्वस्त सेन्सर कल समजायला जरूर वापरा, पण राष्ट्रीय मानक पाळलं की नाही हे त्यावरून ठरवू नका. मान्यतेच्या चाचण्या अमेरिकेच्या संघीय नियमसंग्रहात, ४० सीएफआर भाग ५३ मध्ये आहेत. खरेदीआधी तो वाचाच.