राणीछाप, कलदार आणि जॉर्जचा वाघ

प्रश्न : १९४७चा जॉर्ज राजाचा रुपया 'राणीछाप कलदार' म्हणून विकायला आला आहे. असं म्हणणं बरोबर आहे का?

साफ चूक. जुना रुपया दिसला की 'राणीछाप' म्हणायची साथच आली आहे. राणी म्हणजे व्हिक्टोरिया, आणि तिची छाप १९०१पर्यंतच्याच रुपयांवर. पुढे एडवर्ड, मग दोन जॉर्ज. तिथे राणी कुठून येणार? तुमच्या रुपयावर सहावा जॉर्ज, मागे वाघ. त्यात चांदी औषधालाही नाही. तो निकेलचा आहे, लोहचुंबक लावा, चिकटेल. १९४० ते १९४५चे निदान निम्म्या चांदीचे तरी होते.

खरी गंमत 'कलदार'मध्ये. 'कलदार म्हणजे शुद्ध चांदी' हे सराफकट्ट्यावरचं पालुपद. शुद्ध कसली? ११.६६ ग्रॅमच्या राणीछाप रुपयातही बारा भागांतले अकरा भागच चांदी. कल म्हणजे यंत्र, 'कलपुर्जे'मधला. आपण दाबतो ती कळ त्याचीच बहीण. कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. आधीचे चांदवडी, अंकुशी हे मराठेशाहीतले रुपये हातोड्याने ठोकलेले, कडा ओबडधोबड; कानशीने चांदी खरवडली तरी चटकन कळत नसे. म्हणून सराफ वजन, कस बघून बट्टा कापायचा. यंत्राच्या रुपयाच्या कडेला कंगोरे, खरवडला की चोरी उघडी. 'कला' धरून 'नक्षीदार रुपया' असा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी एकदा त्या कडेवरून बोट फिरवावं.

मराठवाड्यात तर निजामाचा स्वतःचा 'हाली' रुपया वेगळा, कलदार वेगळा. साधारण सात हालींना सहा कलदार. पुढे निजामानेही चारमिनारचे रुपये यंत्रावरच पाडले, तरी ते हालीच राहिले! तोवर 'कलदार' म्हणजे इंग्रजी रुपया हे पक्कं झालं होतं, कल कुणाच्या लक्षात नव्हती.

राजा मात्र सावकाश उतरला. जून १९४८मध्ये जॉर्जने 'हिंदुस्थानचा सम्राट' ही पदवी सोडली, पण 'किंग एम्परर' अक्षरांचे रुपये बाजारात फिरतच होते. १९४९मध्ये एक रुपयाच्या नोटेवर अशोकाचे सिंह आले, नाण्यांवर १५ ऑगस्ट १९५०ला. तेव्हापासून छापा-काट्यातला छापा सिंहांचा.

हां, तुमचा रुपया. 'जॉर्ज सहावा, १९४७, निकेल' एवढंच लिहायला सांगा, आणि चांदीचा भाव देऊ नका.